प्रिंटरची भाषा कोणाची?

शासनाचा कोणताही निर्णय अखेर कागदावर उतरतो. नस्ती संगणकावर फिरो, स्वाक्षरी डिजिटल असो, सामान्य नागरिकाच्या हाती पडते ते छापलेले पान. महाराष्ट्रातील सातबारा, कर्नाटकातील पहाणी, तामिळनाडूतील पट्टा, बिहारमधील खतियान, कोणत्याही राज्यातील जातीचा वा उत्पन्नाचा दाखला. प्रिंटर बंद पडला की खिडकीसमोरची रांग जागच्या जागी थांबते. तरीही प्रशासनाच्या इतिहासात प्रिंटरविषयी कोणी लिहीत नाही. तो खरेदीचा विषय समजला जातो, विचाराचा नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाची वार्षिक तपासणी करीत असताना जडवस्तू संग्रह नोंदवहीत अकरा प्रिंटर निर्लेखनासाठी प्रस्तावित केलेले दिसले. यंत्रे नादुरुस्त आहेत का, असे विचारता भांडार सांभाळणारे लिपिक म्हणाले, "साहेब, यंत्रं चांगली आहेत. पण नवे संगणक आले आणि त्यांत यांचे ड्रायव्हर चालेनात. कंपनी म्हणते, हे मॉडेल आता बंद." म्हणजे धातू शाबूत, चाके शाबूत, मोटर शाबूत, केवळ संगणक आणि प्रिंटर यांच्यातील संभाषण तुटले म्हणून सार्वजनिक पैशांतून घेतलेली अकरा यंत्रे भंगारात निघाली होती. एका तरुण तंत्रज्ञाने त्यांपैकी एक यंत्र लिनक्स प्रणालीच्या संगणकास जोडले. काही मिनिटांत त्यातून स्वच्छ पान बाहेर आले. ड्रायव्हर कोठून मिळाला, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तो यातच असतो, सर. लोकांनी लिहिलेला आहे."

हे 'लोक' कोण, या प्रश्नाचा शोध घेताना जो इतिहास हाती आला, तो प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. म्हणून हा लेख.

दुभाष्याची सत्ता

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. संगणकाला पानाचे चित्र ठाऊक असते; प्रिंटरला ठाऊक असतात त्या आज्ञा: कागद इतका सरकव, या जागी शाईचा थेंब टाक, आता पान बाहेर सोड. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची ही आज्ञांची भाषा निराळी, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन यंत्रांचीही निराळी. मधला दुभाषी नसेल तर दोन्ही यंत्रे एकमेकांकडे मुक्याने पाहत राहतात.

आपल्या देशाला दुभाष्यांचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मद्रासेत दुभाष नावाचा एक वर्गच उदयास आला होता. साहेबाला तमिळ येत नसे, रयतेला इंग्रजी येत नसे. त्यामुळे दोन्ही भाषा जाणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती व्यवहाराच्या नाड्या जात. त्याचे बळ पदात नव्हते, ते इतरांच्या अज्ञानात होते. प्रिंटर बनविणाऱ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रांची भाषा गुप्त ठेवली, तेव्हा त्यांच्याकडेही हेच बळ आले. दुभाषी त्यांचा, तो कोणत्या संगणकावर काम करील हे ठरविणार त्या, आणि तो कधी निवृत्त होईल हेही ठरविणार त्याच.

अडकलेल्या कागदाची गोष्ट

या बळाला पहिले मोठे आव्हान मिळाले तेही एका प्रिंटरमुळेच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेस १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. यंत्र वेगवान होते, पण त्यात कागद अडके. ते अनेकांच्या सामायिक वापरातले असल्याने आपले काम छापून झाले असेल या समजुतीने माणूस तेथवर जाई, आणि पाहतो तो कागद केव्हाचाच अडकलेला. रिचर्ड स्टॉलमन या प्रयोगशाळेतील प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरच्या बाबतीत यावर साधा उपाय केला होता. कागद अडकताच छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांना संगणकावर संदेश जाईल, अशी दुरुस्ती त्यांनी त्याच्या आज्ञावलीत केली होती. नव्या प्रिंटरच्या आज्ञावलीची मूळ संहिता मात्र कंपनीने दिलीच नव्हती. ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे असल्याचे समजल्यावर स्टॉलमन यांनी त्याची भेट घेऊन ती मागितली. त्याने नकार दिला. संहिता कोणास न देण्याचा करार त्याने केला होता.

या एका नकारातून संपूर्ण चळवळ जन्मास आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रयोगशाळेतील मोकळे वातावरण अन्य कारणांनीही विरत चालले होते. परंतु स्टॉलमन यांनी स्वतः हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये मुक्त आज्ञावलींसाठी प्रतिष्ठान स्थापन केले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांना प्रिंटर फुकट नको होता. तो भेट म्हणून मिळालेलाच होता. त्यांना हवा होता दुरुस्तीचा अधिकार.

महागडी भाषा, सार्वजनिक व्याकरण

दुसरा टप्पा पोस्टस्क्रिप्टचा. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अडोबी कंपनीने १९८४ मध्ये पानाचे वर्णन करणारी ही भाषा आणली. १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर ही भाषा घेऊन बाजारात आला. किंमत जवळजवळ सात हजार डॉलर. ही भाषा समजून घेण्यासाठी प्रिंटरच्या आतच एक सामर्थ्यवान संगणक असावा लागे, शिवाय अडोबीला परवाना शुल्क द्यावे लागे. मात्र अडोबीने एक गोष्ट केली, जी पुढे निर्णायक ठरली. भाषेचे संपूर्ण व्याकरण तिने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

व्याकरण सार्वजनिक होते, म्हणून ती भाषा जाणणारी स्वतंत्र आज्ञावली लिहिणे शक्य झाले. एल. पीटर डॉइच यांनी ती लिहिली आणि १९८८ मध्ये घोस्टस्क्रिप्ट या नावाने ग्नू प्रकल्पाद्वारे प्रसिद्ध केली. महागड्या प्रिंटरच्या आत होणारे काम आता साध्या संगणकात होऊ लागले. तयार झालेले चित्र कोणत्याही स्वस्त प्रिंटरकडे पाठविता येऊ लागले. घोस्टस्क्रिप्टची रचना अशी होती की, मुख्य आज्ञावलीस हात न लावता नव्या प्रिंटरसाठीचा छोटा भाग स्वतंत्रपणे लिहून जोडता येई. ज्याच्या घरी वा प्रयोगशाळेत जो प्रिंटर असेल त्याने त्याचा भाग लिहावा आणि सर्वांना द्यावा, अशी प्रथा पडली. अशा उपकरणांची यादी पुढे शेकड्यांत गेली. डॉइच यांनी उपजीविकेसाठी हीच आज्ञावली कंपन्यांना व्यावसायिक परवान्याने विकली. मुक्त-स्रोताचे काम म्हणजे केवळ फावल्या वेळेतील दानधर्म नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

एका ठिपक्यापासून सुरुवात

नव्वदच्या दशकात प्रिंटर झपाट्याने स्वस्त झाले. त्याचे एक कारण असे की, कंपन्यांनी प्रिंटरमधील बुद्धी काढून घेतली. पानाचे गणित संगणकानेच करावे आणि प्रिंटरने केवळ ठिपके टाकावेत, अशी ही यंत्रे होती. किंमत उतरली, पण सर्व शहाणपण ड्रायव्हरमध्ये गेले; आणि तो ड्रायव्हर बहुधा केवळ विंडोजसाठी मिळे. भाषेचे व्याकरण प्रसिद्ध होत नसे.

येथे स्वयंसेवकांनी जे केले, ते शिलालेखाची अपरिचित लिपी वाचणाऱ्या संशोधकाच्या कामाशी जुळते. पद्धत अशी. विंडोजच्या संगणकावर कोरे पान छापावयास सांगायचे, पण ते प्रिंटरकडे न पाठवता फाईलमध्ये साठवायचे. मग एकच ठिपका असलेले पान साठवायचे. दोन्ही फाईलींतील अंक शेजारी ठेवून फरक पाहायचा. ठिपका एक इंच उजवीकडे सरकवायचा, पुन्हा फरक पाहायचा. मग एक रेघ, मग दोन. हळूहळू कोणता अंक कागदाचा आकार सांगतो, कोणता शाईचा रंग सांगतो, हे उलगडत जाते. एचपी कंपनीच्या डेस्कजेट ७१०, ७२० आणि ८२० या मालिकांतील प्रिंटरसाठी १९९८ मध्ये याच मार्गाने मुक्त आज्ञावली तयार झाली. प्रारंभी तिला केवळ काळी शाई वापरता येई; पुढे इतरांनी तीत रंगांची भर घातली.

भारतातील कार्यालयांना लेझरजेट १०२० हे यंत्र चांगले परिचित आहे. त्याची भाषा झेडजेस्ट्रीम. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, वीज गेली की यंत्र आपली अंतर्गत आज्ञावली विसरते. पुन्हा सुरू करताना ती संगणकाने त्यास नव्याने पाठवावी लागते. भारनियमन सोसलेल्या कोणासही या वैशिष्ट्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. या भाषेसाठी रिक रिचर्डसन यांनी फू-टू-झेडजेएस नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि अंतर्गत आज्ञावली पाठविण्याची सोयही त्यात केली. पुढे त्यात अनेक कंपन्यांच्या तत्सम यंत्रांची भर पडत गेली.

कंपन्यांची बाजूही येथे सांगितली पाहिजे. सगळ्याच कंपन्या सर्व काळ विरोधात होत्या असे नाही. नव्या शतकाच्या सुरुवातीस एचपीनेच आपल्या बहुसंख्य यंत्रांसाठी मुक्त परवान्याखाली ड्रायव्हर लिहून घेतले व प्रसिद्ध केले, आणि त्यासाठी पगारी माणसे नेमली. मात्र काही नमुन्यांना त्यासोबत एक बंद पूरक आज्ञावली लागतेच. म्हणजे दार उघडले, पण एक कुलूप शिल्लक ठेवले.

नोंदवहीचे मोल

ड्रायव्हर लिहिणे ही कौतुकाची बाब खरीच. पण माझ्या मते या इतिहासातील सर्वांत 'प्रशासकीय' काम निराळेच आहे. ग्रँट टेलर या गृहस्थांनी लिनक्सवरील छपाईची मार्गदर्शिका लिहिली आणि तिच्यासोबत कोणता प्रिंटर कोणत्या ड्रायव्हरने कितपत चालतो याची यादी ठेवावयास सुरुवात केली. माहिती येई ती वापरणाऱ्यांकडून. प्रत्येक यंत्रास चारांपैकी एक श्रेणी मिळे: उत्तम चालतो, बऱ्यापैकी चालतो, अंशतः चालतो आणि चौथी श्रेणी 'पेपरवेट', म्हणजे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवण्याचे वजन. या चौथ्या श्रेणीत विनोद आहे, पण तो ग्राहकाच्या हिताचा विनोद आहे. खरेदीला निघालेला माणूस ती यादी पाहून बाजारात जाऊ लागला. आपले यंत्र पेपरवेट ठरले आहे, ही गोष्ट कंपन्यांच्या नजरेस आल्याशिवाय राहिली नसेल.

या यादीस पुढे शिस्तबद्ध रूप देण्यात टिल काम्पेटर यांचा मोठा वाटा आहे. भौतिकशास्त्राचे अभ्यासक असलेले काम्पेटर २००० मध्ये मँड्रेक या लिनक्स वितरणाच्या कंपनीत छपाईचे काम पाहू लागले. प्रिंटर, ड्रायव्हर आणि त्याचे पर्याय यांचा मेळ घालणारा फूमॅटिक नावाचा माहितीसंच त्यांनी वाढविला व सांभाळला. वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले शेकडो ड्रायव्हर या माहितीसंचामुळे एकाच रीतीने वापरता येऊ लागले. २००६ मध्ये हे काम ओपनप्रिंटिंग या गटात विलीन झाले आणि २००७ पासून तो गट लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला.

महसूल खात्यात काम केलेल्या व्यक्तीला यातील मर्म लगेच उमगेल. जमीन मोजणे हे कष्टाचे काम. पण मोजलेल्या जमिनीची नोंद अद्ययावत ठेवणे हे त्याहून दीर्घ, कंटाळवाणे आणि प्रसिद्धीहीन काम आहे. नोंद नसेल तर मोजणी वाया जाते.

रंगांची पारख

स्वयंसेवकांचे काम म्हणजे 'चालते, एवढेच पुरे' या दर्जाचे, असा एक गैरसमज आढळतो. त्याला छेद देणारे उदाहरण म्हणजे गिंप-प्रिंट. गिंप या चित्र-संपादन आज्ञावलीसाठी छपाईची मूळ जोड-आज्ञावली मायकेल स्वीट यांनी लिहिली होती. १९९९ मध्ये रॉबर्ट क्रॉविट्झ यांनी एप्सनचा सहा शाईंचा छायाचित्र-प्रिंटर घेतला आणि त्याला न्याय देणारा ड्रायव्हर लिनक्सवर नाही, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी त्या जोड-आज्ञावलीचे काम हाती घेतले.

छायाचित्राची छपाई ही अक्षरांहून फार अवघड. शाई एकतर पडते किंवा पडत नाही. मधली छटा नसते. त्वचेचा कोमल रंग वा संध्याकाळचे आकाश दाखवायचे तर ठिपक्यांची पेरणी अशी करावी लागते की, डोळ्याला ठिपके न दिसता छटा दिसावी. फिकट आणि गडद शाई केव्हा बदलावी, कोणता कागद किती शाई शोषतो, हे पुस्तकात मिळत नाही. पाने छापून, पाहून, पुन्हा छापून ठरवावे लागते. क्रॉविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पारख वर्षानुवर्षे केली. परिणामी २००३ मध्ये ॲपलने मॅक ओएस टेनच्या १०.३ आवृत्तीत हेच ड्रायव्हर समाविष्ट केले. पुढे या प्रकल्पाने मुद्रणकलेच्या जनकाचे स्मरण ठेवून गुटेनप्रिंट हे नाव धारण केले.

दरम्यान मायकेल स्वीट यांनी १९९७ पासून कप्स या छपाई व्यवस्थेचे काम आरंभिले होते; १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कोणाचे काम आधी छापायचे, कोणत्या प्रिंटरकडे पाठवायचे, कोणता ड्रायव्हर वापरायचे हे सर्व पाहणारी ही व्यवस्था म्हणजे छपाईच्या कार्यालयातील आवक-जावक शाखाच. तिचा पाया होता आयपीपी या संगणकजालावरील छपाईच्या सार्वजनिक मानकाचा. ते मानकही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. २००२ मध्ये ॲपलने कप्स स्वीकारले, २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले आणि स्वीट यांना नोकरीत घेतले. मुक्त परवाना मात्र कायम राहिला.

लिपीचा प्रश्न

या साऱ्याचा भारतीय भाषांशी एक जवळचा संबंध आहे. ठोकछपाईच्या, म्हणजे डॉट मॅट्रिक्स, प्रिंटरच्या काळात अक्षरांचे साचे बहुधा यंत्राच्या स्मृतीत असत, आणि ते रोमन लिपीचे असत. संगणकाने केवळ क्रमांक पाठवायचा, प्रिंटरने त्या क्रमांकाचे अक्षर उमटवायचे. देवनागरी, तमिळ वा ओडिया लिपीत छापायचे तर वेगळी सोय करावी लागे. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्ट तंत्रज्ञान ही त्या काळातील मोठी कामगिरी होती. संगणकात एक कार्ड बसविले की भारतीय लिप्या पडद्यावर दिसत आणि कागदावरही उमटत.

घोस्टस्क्रिप्टसारख्या आज्ञावलींनी जी पद्धत रूढ केली, तीत प्रिंटरला लिपी कळण्याचे कारणच उरत नाही. जोडाक्षर कसे जुळवायचे, वेलांटी कोठे द्यायची हे संगणक ठरवितो. ड्रायव्हरला मिळते ते तयार चित्र. त्यामुळे जो ड्रायव्हर अमेरिकेतील वा युरोपातील कोणी आपल्या घरच्या प्रिंटरसाठी लिहिला, त्याच्यातून 'क्ष' आणि 'ज्ञ' तितकेच नीट छापले जातात. ज्यांनी हे काम केले, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपली लिपी वाचता येत नसेल. तरीही त्यांच्या कामातील तटस्थता आपल्या सर्व भाषांच्या उपयोगी पडली.

दुभाष्याची निवृत्ती

या कथेचा उत्तरार्ध विशेष आहे. दुभाष्याची गरज दोन मार्गांनी संपू शकते: सगळ्यांना सगळ्या भाषा शिकवून, किंवा सर्वांनी एक समान भाषा मान्य करून. पहिला मार्ग अंतहीन आहे; दरवर्षी नवी यंत्रे येतात आणि स्वयंसेवकांचे आयुष्य मर्यादित असते. म्हणून दुसरा मार्ग पुढे आला. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणले. मोबाईल फोनवर शेकडो ड्रायव्हर ठेवणे शक्य नव्हते, म्हणून प्रिंटरनेच समान भाषा शिकावी असा आग्रह त्यामागे होता. २०१३ मध्ये प्रिंटर वर्किंग ग्रुप या उद्योगगटाने आयपीपी एव्हरीव्हेअर हे सार्वजनिक मानक प्रसिद्ध केले. २०२३ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची योजना जाहीर केली.

मग जुन्या यंत्रांचे काय? नव्या व्यवस्थेत जुन्या प्रिंटरला स्थान नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ओपनप्रिंटिंगच्या मंडळींनी तसे केले नाही. २०२० पासून त्यांनी जुन्या ड्रायव्हरांना एका छोट्या आज्ञावलीत बसविण्याचे काम चालविले. ही आज्ञावली बाहेरच्या जगाशी नव्या मानकाच्या भाषेत बोलते आणि आत जुन्या यंत्राशी त्याच्या जुन्या भाषेत. आपल्याच कामाची गरज संपविणारे मानक उचलून धरायचे, आणि तरीही जुन्या यंत्राच्या मालकास वाऱ्यावर सोडायचे नाही, ही दुहेरी जबाबदारी त्यांनी स्वेच्छेने घेतली. कोणत्याही संक्रमणकाळात शासनाकडून हीच अपेक्षा असते.

भार कोणावर?

आता काळजीची बाजू. २०१९ च्या अखेरीस स्वीट यांनी ॲपल सोडले. ॲपलकडील कप्सच्या कामाचा वेग मंदावला. २०२० मध्ये ओपनप्रिंटिंगने त्याची स्वतंत्र शाखा सुरू केली आणि स्वीट यांनी तेथे काम पुढे चालविले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथून २.४ ही आवृत्ती निघाली. जगभरातील लिनक्स संगणकांची छपाई ज्यावर अवलंबून आहे, त्या व्यवस्थेचे भवितव्य काही काळ मोजक्या माणसांच्या निश्चयावर टेकले होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी घटना घडली. संगणकजालावरील प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या कप्स-ब्राउझ्ड या सेवेत व तिच्याशी संलग्न भागांत गंभीर त्रुटी असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने उघड केले. ही सेवा 'मी प्रिंटर आहे' असे सांगणाऱ्या कोणाच्याही संदेशावर विश्वास ठेवी. हल्लेखोराने खोटा प्रिंटर नोंदवला आणि वापरणाऱ्याने त्यावर काही छापावयास पाठविले, तर त्या संगणकावर हल्लेखोराची आज्ञा चालू शकत असे. ती आज्ञा चालविणारा दुवा होता फूमॅटिकचाच एक भाग. पूर्वी नाना तऱ्हेचे ड्रायव्हर चालावेत म्हणून प्रिंटरच्या वर्णनातच आज्ञा लिहिण्याची मुभा ठेवली होती. एका काळातील उदारता दुसऱ्या काळातील भगदाड ठरली. दुरुस्त्या लवकरच प्रसिद्ध झाल्या. जगभरातून टीकाही झाली. टीका योग्यच होती. पण टीका करणाऱ्या मोठमोठ्या संस्थांपैकी कितींनी त्या संहितेचे परीक्षण करण्यासाठी आपले एक माणूस एक आठवडा तरी दिले होते, हा प्रश्नही तितकाच योग्य आहे.

आपल्या देशातून या कामास हातभार लागतो आहे, ही समाधानाची गोष्ट. गूगलच्या उन्हाळी विद्यावेतन कार्यक्रमात ओपनप्रिंटिंग २००८ पासून सहभागी होत आले आहे, आणि त्यात भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय राहिली आहे. त्यांपैकी काही पुढे स्वतः मार्गदर्शक झाले.

प्रशासनासाठी बोध

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये मुक्त-स्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण. दोन्ही धोरणे चांगली आहेत. परंतु धोरणाची खरी कसोटी तालुक्याच्या खरेदी समितीत लागते. तेथे प्रिंटरच्या निविदेत मिनिटाला किती पाने, कागदाचा आकार, हमीचा कालावधी आणि सर्वांत कमी दर एवढेच पाहिले जाते. हे यंत्र कोणती भाषा बोलते, हे कोणी विचारत नाही.

माझी सूचना साधी आहे. तांत्रिक विनिर्देशात एक ओळ घालावी: यंत्राने सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध असलेल्या छपाई मानकाला आधार दिलेला असावा. स्वीकृतीपूर्व चाचणीत ते एकाहून अधिक संगणक प्रणालींवर, आणि राज्याच्या राजभाषेतील मजकुरासह, चालवून पाहावे. निर्लेखनाच्या प्रस्तावात 'नादुरुस्त' आणि 'ड्रायव्हर उपलब्ध नाही' हे दोन स्वतंत्र रकाने असावेत, आणि दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक यंत्र मुक्त प्रणालीवर तपासल्याखेरीज भंगारात काढू नये. यांपैकी कशालाही वेगळ्या निधीची गरज नाही.

चौथी गोष्ट थोडी अवघड. ज्या आज्ञावलींवर शासनाची कामे चालतात, त्यांच्या देखभालीत शासनाचा काही वाटा असावा. रस्ता वापरायचा तर त्याच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात असते. येथे रस्ता इतरांनी बांधला, इतर तो झाडतात, आणि आपण त्यावरून निःशुल्क जातो. किमान एवढे तरी करता येईल: त्रुटी आढळली तर ती रीतसर कळवावी, आपल्या यंत्रांवरील चाचणीचे निष्कर्ष द्यावेत, आणि शासकीय संस्थांतील तंत्रज्ञांना या कामासाठी अधिकृतपणे वेळ द्यावा.

त्या अकरा प्रिंटरांपैकी नऊ पुढे चालू अवस्थेत निरनिराळ्या शाखांना देण्यात आले. दोन खरोखरच नादुरुस्त होते. निर्लेखनाचा प्रस्ताव दोन यंत्रांपुरता मंजूर केला. नोंदवहीत शेरा लिहिताना कारणाच्या रकान्यात काय लिहावे, असे लिपिकांनी विचारले. "यंत्रे दुरुस्त नव्हती असे नाही, आपल्याला त्यांची भाषा येत नव्हती," असे लिहावे असे क्षणभर वाटले. लेखापरीक्षकांना ते रुचले नसते. "अन्य प्रणालीवर कार्यान्वित" एवढेच लिहिले.